छर्रे गेले कुठे?

गेल्या उन्हाळ्यात एका रात्री साडेनऊच्या सुमारास नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपवर एक ओळ आली. "पेलेटचा माल येत नाहीये, पुढचे तीन-चार महिने मिळणार नाही असं धरून चला." पेलेट म्हणजे एअर रायफलचे छर्रे. ही ओळ पाठवणाऱ्याला कोणी सांगितलं, ते आम्ही कोणीही विचारलं नाही. माझी मुलगी जळगावात दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. दिवसाला शंभरेक नेम, म्हणजे पाचशे छर्ऱ्यांची एक डबी पाच दिवसांत संपते आणि महिन्याला चार-पाच डब्या लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर जाण्याआधी मी तिथे पोहोचलो, तर माझ्या पुढे सात जण उभे होते. मी चौदा डब्या घेतल्या. माझ्यामागे अमळनेरहून पहाटेच्या गाडीने आलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या वाट्याला दोन डब्या आल्या, त्याही पिस्तुलाच्या हलक्या छर्ऱ्यांच्या. मुलगा रायफल मारतो. तरी त्यांनी घेतल्या, कारण रिकाम्या हाताने परत कसं जायचं?

दुपारी बारापर्यंत दुकान रिकामं झालं. आदल्या संध्याकाळपर्यंत त्याच दुकानात माल होता आणि तो घ्यायला कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही. अशी टंचाई आली की आपण लगेच साठेबाजांच्या नावाने बोटं मोडतो. पण त्या रांगेत साठेबाज कोण होता? सात-आठ पालक, दोन कॉलेजची मुलं, एक निवृत्त शिक्षक. एकालाही एक रुपया नफा कमवायचा नव्हता. प्रत्येक जण आपापल्या जागी शहाण्यासारखाच वागला आणि सगळ्यांनी मिळून दुकान रिकामं केलं. माझं म्हणणं असं की नेमबाजीतली ही टंचाई लोभापेक्षा अज्ञानातून जास्त येते. किती माल आहे, पुढचा कधी येणार, आपल्या वाट्याला किती येईल, यातलं काहीच ठाऊक नसलेला माणूस घाबरून जास्तच उचलणार. त्याला दम देऊन उपयोग नाही. त्याला हिशेब दाखवावा लागतो.

पुरवठ्यात खरी अडचण नसतेच असं मात्र मी म्हणत नाही. ती आहे, आणि तिचा एक धागा थेट आपल्या शेतापर्यंत येतो.

काडतूस म्हणजे चार गोष्टी: पितळेची पुंगळी, पुढची शिशाची गोळी, बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर आणि आतली दारू. गोळी आणि पुंगळी अनेकांना बनवता येते. प्राइमरचा मसाला आणि दारू बनवणारे कारखाने मात्र जगात मोजके आहेत. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून होते आणि नायट्रोसेल्युलोज कापसापासून. जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीवर बारीक लव उरते, तिला लिंटर म्हणतात. ती लव साफ करून तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की स्फोटक कापूस तयार होतो. १८४६ मध्ये शॉनबाइन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ही गोष्ट जगासमोर आणली. धरणगाव, चोपडा, पाचोऱ्याकडे ज्याचं बालपण गेलं त्याने सरकीच्या ढिगाऱ्यावर उड्या मारल्या असतील आणि घरी जाऊन कपडे झटकताना तीच लव झटकली असेल.

२०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि युरोपातल्या तोफांना दारू कमी पडू लागली. युरोपला ही लव मुख्यतः चीनकडून मिळते. २०२४ च्या मार्चमध्ये युरोपीय संघाचे तेव्हाचे आयुक्त थिएरी ब्रेतों यांनी उघडपणे सांगितलं की हा कापूस चीनकडून यायचा काही महिन्यांपासून थांबला आहे. त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका मोठ्या उत्पादकाने विक्रेत्यांना कळवलं की जगभर दारूचा तुटवडा असल्याने एप्रिलपासून भाव वाढतील. दारू कमी असली की ती आधी लष्कराकडे जाते. खेळाडूच्या पॉइंट टू टूच्या (०.२२ इंची रायफलच्या) आणि बारा बोअरच्या (शॉटगनच्या) काडतुसांचा नंबर शेवटी लागतो, हे कोणालाही पटेल. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. युरोपातून न्हावा-शेवाला येणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला.

एवढं सगळं खरं आहे. पण आता एक साधा प्रश्न विचारतो. माझ्या मुलीच्या एअर रायफलमध्ये दारू असते का?

नसते. एअर रायफलचा छर्रा म्हणजे अर्ध्या ग्रॅमहून किंचित जास्त वजनाचा शिशाचा तुकडा. कंबरेत बारीक, मागे घेरदार, साडेचार मिलिमीटरचा. तो दाबलेल्या हवेवर सुटतो. त्याला ना प्राइमर लागतो, ना पुंगळी, ना सरकीची लव. जहाजाला उशीर झाला तर छर्राही उशिरा येतो, तेवढं मान्य. पण दारूच्या तुटवड्याशी त्याचा काही संबंध नाही. त्या रात्री ग्रुपवरच्या ओळीखाली कोणीतरी काडतुसांच्या तुटवड्याची बातमी चिकटवली होती. ती बातमी बरोबर होती आणि आमच्या कामाची नव्हती. आम्ही ती वाचली, आणि ज्यात दारूचा कणही नाही त्या शिशाच्या डब्यांसाठी पहाटे रांगेत जाऊन उभे राहिलो.

भीतीला वस्तूंमधला फरक कळत नाही, आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुक शाळेत गोळीबार होऊन वीस लहान मुलांचा आणि सहा मोठ्यांचा जीव गेला. त्यानंतर काही प्रकारच्या बंदुकांवर बंदीची चर्चा सुरू झाली. ती चर्चा लष्करी धाटणीच्या रायफलींची होती. पण बाजारातून सगळ्यात जास्त काळ गायब झालं ते पॉइंट टू टूचं काडतूस, ज्यावर पोरं नेमबाजी शिकतात आणि ज्यावर बंदी घालायचं कोणाच्या मनातही नव्हतं. तीन वर्षांहून अधिक काळ ते धड मिळत नव्हतं. सरकारच्या गृहसुरक्षा खात्यानेच सगळी काडतुसं उचलली, अशी अफवा तिथे पसरली होती. २०१४ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी तपासलं, तर त्या खात्याची खरेदी उलट कमी झालेली निघाली. तोवर लोकांच्या तळघरांत खोक्यांचे थर लागले होते.

मग कारखानदारांनी जास्त माल का काढला नाही? त्यांनी यंत्रं रात्रंदिवस चालवली, पण नवे कारखाने उभारले नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं चुकलं नाही. या काडतुसात प्राइमरचा ओला मसाला पुंगळीच्या कडेत गोल फिरवून बसवावा लागतो. त्याची यंत्रं वेगळी असतात, जपून चालवावी लागतात आणि वर्षभरात उभी राहत नाहीत. उद्या भीती ओसरली की तळघरातला माल संपेपर्यंत कोणी नवं खोकं घेणार नाही, हे कारखानदाराला पक्कं ठाऊक असतं. घडलंही तसंच. २०१७ नंतर तिथे मागणी पडली. रेमिंग्टन ही दोनशे वर्षं जुनी कंपनी २०१८ मध्ये एकदा आणि २०२० च्या जुलैमध्ये पुन्हा दिवाळखोरीत गेली. २०२० म्हणजे नेमकं तेच वर्ष, ज्यात महामारीच्या भीतीने बंदुका घेण्यासाठी होणाऱ्या सरकारी पार्श्वभूमी-तपासणीचा आकडा जवळपास चार कोटींवर गेला. देशभर काडतूस मिळत नव्हतं आणि काडतूस बनवणारी कंपनी बुडाली होती. भीतीच्या मागणीवर कारखाना चालत नाही, याहून मोठा पुरावा मला तरी सापडलेला नाही.

आपल्या खान्देशाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो कापूस लावायला उतावीळ होतो. गुलाबी बोंडअळीची साखळी तुटावी म्हणून मध्यंतरी काही वर्षं १ जूनच्या आधी बियाणं विकायला बंदी होती. हेतू चांगला होता. पण तारीख लांबली की चहाच्या टपरीवर एकच बोलणं सुरू व्हायचं: "लई ठेव भाऊ, मंग भेटाव नही," म्हणजे घेऊन ठेव, नंतर मिळणार नाही. मग ज्याला चार पाकिटं लागायची तो आठ शोधायचा, गुजरातेतून आणायचा, मध्य प्रदेशातून आणायचा, आणि त्यात बोगस बियाणं गळ्यात पडायचं. चोपड्याच्या माझ्या मामांच्या कोठीत एका जूनमध्ये मी न फोडलेली सहा पाकिटं मोजली. मामा कंजूष नाहीत आणि लोभी तर अजिबात नाहीत. आदल्या वर्षी त्यांना हव्या त्या वाणाचं बियाणं मिळालं नव्हतं, एवढंच.

आणि २०२४ च्या १ आणि २ जानेवारीला काय झालं, ते तर सगळ्यांनी पाहिलं. अपघात करून पळणाऱ्या चालकाच्या शिक्षेवरून ट्रकचालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आणि जळगाव-धुळ्याच्या पंपांवर रात्रीपर्यंत रांगा लागल्या. ज्याच्या टाकीत निम्मं पेट्रोल होतं तोही रांगेत होता. २ तारखेच्या रात्री संप मिटला. रोजच्यासारखी मागणी राहिली असती तर किती पंप कोरडे पडले असते? माझ्या मते फार थोडे.

आमच्या डब्यांचंही गणित तेच. समजा आमच्या पट्ट्यात साठ मुलं नियमित सराव करतात आणि प्रत्येकाला महिन्याला चार डब्या लागतात, म्हणजे दोनशे चाळीस. दुकानदार तीनशेचा माल ठेवतो, साठ डब्या हाताशी राहतात. एका सकाळी प्रत्येकाने फक्त तीन महिन्यांची सोय करायचं ठरवलं, तर मागणी सातशे वीसवर जाते. एकाही मुलाने एकही नेम जास्त मारलेला नाही, तरी पहिल्या पंचवीस जणांतच दुकान संपतं आणि पस्तीस मुलं कोरडी राहतात. दुकानदार घाबरून वर सातशेची ऑर्डर देतो, वरचा आयातदार त्याच्या वर दोन हजारांची देतो. तीन-चार महिन्यांनी माल येतो तेव्हा घेणारा कोणी नसतो. दुकानदाराचे पैसे अडकतात आणि पुढच्या वेळी तो माल कमी ठेवतो. पुढच्या टंचाईची पेरणी तिथेच होते.

त्या पस्तिसांत कोण असतं, ते मला सांगायलाच हवं, कारण माझा जीव तिथे अडकतो. जळगाव शहरात राहणारा, गाडी असलेला, एकरकमी पंधरा-वीस हजार काढू शकणारा बाप पहिल्या पंचवीसांत असतो. शहाद्याहून, नवापूरहून, चाळीसगावच्या पलीकडच्या खेड्यातून येणारं मूल नंतर असतं. त्याच्या घरी महिन्याच्या महिन्याला डबी घेतली जाते, कारण पैसेच महिन्याच्या महिन्याला येतात. नामांकित खेळाडूंना थेट आयातीच्या सवलती आहेत. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने नेमबाजांसाठी शस्त्रांची आणि सरावाच्या काडतुसांची मर्यादा वाढवली, तेही चांगलंच झालं. पण नुकतं शिकणाऱ्या मुलाच्या हातात फक्त गावचं दुकान असतं. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या १ ऑगस्टला पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं. तो तेव्हा मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, म्हणून भुसावळच्या रेल्वे कॉलनीतही पेढे वाटले गेले. त्यानंतर आमच्या रेंजवर नवी सात-आठ पोरं आली होती. उन्हाळ्यातल्या त्या तुटवड्यानंतर त्यातली तीन दिसत नाहीत. शरीराला सवय लागते आहे तोच दोन महिने खंड पडला की हात परत पहिल्या दिवसासारखा थरथरतो. मोठा खेळाडू ते भरून काढतो. तेरा वर्षांचं पोर क्रिकेटला निघून जातं.

एक जाणता मित्र म्हणाला, भाव वाढू द्या, मग कोणी फालतू साठा करणार नाही. हे पुस्तकात ठीक आहे. आपल्या बाजारात भाव वाढला की माणूस "आणखी वाढेल" असं समजून जास्तच घेतो. सोन्याचं पाहा, कांद्याचं पाहा. आणि भाव वाढून गर्दी कमी झालीच, तर आधी कोण गळेल? पुन्हा तोच शहाद्याचा मुलगा.

दुसरा उपाय माणशी मर्यादेचा. अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांनी तोही करून पाहिला: दिवसाला माणशी तीन खोकी. लोक रोज येऊ लागले, बायको-मुलांना घेऊन येऊ लागले, ट्रक येण्याच्या वेळा पाठ करू लागले. ज्याला गरज होती आणि सकाळी कामावर जायचं होतं, तो मागेच राहिला. मर्यादा घालायची तर ती सरावाच्या गरजेवर घालायला हवी. दुकानाच्या फेरीवर घातली की फेऱ्याच वाढतात.

साठा करणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो असंही नाही, हे मोठ्या खेळाडूंच्या बाजूने सांगायला हवं. एअर रायफलच्या निशाण्यावरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि गुण दशांशात मोजतात. एकाच कंपनीच्या दोन लॉटमधल्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या, छर्ऱ्यांत केसाएवढा फरक असतो. आमच्या रेंजवरचे सर रायफल शिकंजात आवळून वेगवेगळ्या लॉटचे दहा-दहा छर्रे मारून पाहतात. एका लॉटची सगळी भोकं एकमेकांत मिसळतात, दुसऱ्याची पसरतात. जो लॉट जमला तो हंगामभर पुरेल इतका घेणं ही खेळाची गरज आहे. पॉइंट टू टूचे वरच्या दर्जाचे खेळाडू तर लॉट तपासायला थेट कारखान्यात जातात. अशा खेळाडूला किती लागतं ते आधी माहीत असतं आणि तो ते वर्षाच्या सुरुवातीला सांगू शकतो. सांगितलेला साठा आणि लपवलेला साठा, दोन्हींचा आकडा सारखा असला तरी बाजारावर परिणाम वेगळा होतो.

काडतुसांच्या कायद्याबद्दल मात्र मी ढिलाई मागणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेलगत गावठी कट्टे आणि जिवंत काडतुसं पकडल्याच्या बातम्या आपण दर महिन्याला वाचतो. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असणं, दुकानाची नोंदवही पोलिसांनी तपासणं, हे सगळं हवंच. माझी तक्रार एवढीच आहे की ही नोंद फक्त पोलिसांसाठी होते. जिल्ह्यात किती माल शिल्लक आहे हे त्या वहीत लिहिलेलं असतं, आणि ते खेळाडूला कधीच कळत नाही. परवान्याचा वर्षाचा कोटा पुढच्या वर्षी वापरता येणार नाही म्हणून गरज नसताना पूर्ण उचलणारे लोक मी पाहिले आहेत. नियमानेच शिकवलेली ती घाई आहे.

म्हणून माझं मागणं साधं आहे. प्रत्येक जिल्ह्याच्या नेमबाजी संघटनेने वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, प्रत्येक खेळाडूची गरज लिहून घ्यावी आणि एकत्र ऑर्डर द्यावी. जळगाव, धुळे, नंदुरबार मिळून दिली तर आयातदार ऐकेल. सुट्या ग्राहकाला तो ओळखतही नाही. आलेला माल, वाटलेला माल आणि शिल्लक, तिन्ही आकडे दर आठवड्याला रेंजच्या फळ्यावर लिहावेत. ज्याने गरज नोंदवली त्याचा वाटा, तो तीन आठवडे उशिरा आला तरी, राखून ठेवावा. आपला वाटा पळून जाणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, तो पहाटेची गाडी धरत नाही. रेशनवर धान्य येण्याचा दिवस पक्का असतो तेव्हा तिथली रांग किती शांत असते, ते आठवून पाहा.

सरकारकडेही एक मागणं आहे. भुसावळपासून अर्ध्या-पाऊण तासावर वरणगावचा आयुध कारखाना आहे. १९६० च्या दशकापासून तिथे सैन्यासाठी काडतुसं बनतात, ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची. २०२१ च्या १ ऑक्टोबरला तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेला. पिढ्यान् पिढ्या तिथल्या कामगारांनी पितळ ओढलंय, शिसं ओतलंय, शंभरातला एक, हजारातला एक दोष निवडून बाजूला काढलाय. आपल्याकडे देशी छर्रे मिळतात, नवशिकी पोरं त्यावर शिकतातही, पण स्पर्धेच्या दर्जाची डबी अजून जर्मनी नाहीतर चेकियातून येते. सरकीची लव आपल्याकडे, शिसं-पितळेचा हात आपल्याकडे, आणि वरणगावच्या कामगाराची नात शिशाचा एक छर्रा जहाजाने यायची वाट पाहते. सैन्याचं काम आधी, यात वाद नाही. पण छर्ऱ्याला दारू लागत नाही. त्याला नेमका साचा, एकसारखं शिसं आणि कडक तपासणी लागते. या पट्ट्यातल्या लहान उद्योजकाला पाच वर्षांच्या खरेदीची लेखी हमी दिली, तर तो यंत्र घालेल. भीतीच्या मागणीवर तो घालणार नाही आणि त्याने घालूही नये.

माझ्या चौदा डब्यांपैकी पाच मी मुलीसाठी ठेवल्या. नऊ सरांकडे नेऊन दिल्या, रेंजच्या लोखंडी कपाटात. सरांनी कपाटाच्या दाराला आतून एक वहीचा कागद चिकटवला: तारीख, कोणाला, किती, शिल्लक. अमळनेरच्या बाईंना फोन केला, त्या पुढच्या रविवारी आल्या, पिस्तुलाच्या दोन डब्या परत देऊन रायफलच्या दोन घेऊन गेल्या. आणखी चार पालकांनी आपापल्या डब्या आणून ठेवल्या. तिघांनी अजून ठेवलेल्या नाहीत आणि मी त्यांना विचारलेलंही नाही. डिसेंबरच्या मागणीचा कागद सरांनी कालपासून फळ्यावर लावलाय. साठातली बेचाळीस नावं भरली आहेत.